बादली भरेपर्यंत

१४ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी पहिलीत असताना तू मला एकदा सांगितलं होतंस, की बाथरूममध्ये जा, नळ मोठा सोड आणि बादली भरेपर्यंत बाहेर येऊ नकोस. इथे पोचल्यावर पहिल्याच सकाळी ते वाक्य आठवलं, कारण इथे बादलीच नाही. मगही नाही. नुसता शॉवर आणि त्याला एक दांडा. डावीकडे फिरवला तर चटका, उजवीकडे फिरवला तर बर्फ. शेजारच्या खोलीतल्या मुलीला मी, भांड्यानं अंगावर पाणी घेतात, हे पाच मिनिटं समजावून सांगितलं, तेव्हा तिनं मला फरशी पुसायचा डबा आणून दिला. पहिली आंघोळ त्या डब्यानं झाली. बाबांना सांगू नकोस, ते वर्गात उदाहरण म्हणून सांगतील.

रविवारच्या फोनवर तुझ्याशी काही बोलताच येत नाही. बाबा स्पीकर लावून मध्ये बसतात आणि आपण दोघी हवापाण्यावर बोलतो. म्हणून हे पत्र तुझ्या बाइंडिंगच्या दुकानात. मालकीण ताईंना सांग, माझ्या अक्षरातलं पाकीट आलं की थेट तुझ्या खणात टाका.

घर ठीक आहे. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बाथरूम. तिसरी खोली अजून रिकामीच आहे. भिंती पुठ्ठ्याच्या म्हणाव्यात इतक्या पातळ. तुझ्या हातचा पुठ्ठा यांच्यापेक्षा मजबूत. कपडे धुवायचं यंत्र, कचऱ्याचे तीन रंगांचे डबे, कुठे कुठलं कार्ड दाखवायचं हे सगळं शेजारच्या मुलीनंच शिकवलं. ती माझ्यापेक्षा दोन वीत उंच आहे, म्हणून मी मनातल्या मनात तिला लांबोडी म्हणते. ती शेवाळावर संशोधन करते. खिडकीत काचेच्या सात बरण्या, प्रत्येकीत हिरवी गादी. त्यांच्याशी ती बोलते. तू झाडांशी बोलतेस तसं नाही हो, रीतसर, चौकशी केल्यासारखं.

माझं काम म्हणजे काँक्रीटचे ठोकळे फोडणं. ठोकळा ओतायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा, मग यंत्राच्या जबड्यात धरून दाब वाढवत न्यायचा. फुटायच्या आधी तो आतून बारीक कटकट करतो. सर म्हणाले, की आकड्याकडे नंतर बघा, आधी कान द्या. पहिला ठोकळा फुटला तेव्हा सगळा वर्ग दचकला. मी दचकले नाही. सरांना वाटलं, मुलगी धीट आहे.

लांबोडीचा एक मित्र शुक्रवारी येतो. जर्किन घालतो, फुलं आणतो, सगळ्यांची भांडी घासून ठेवतो. परवा तो आला होता तेव्हा तिच्या खोलीत काहीतरी आपटलं आणि बोलता बोलता ती एकदम गप्प झाली. मी उठले, बाथरूममध्ये गेले आणि शॉवर सोडला. सवय बघ कशी असते. पण बादली नाही, तर थांबायचं किती? मी बेपासून पाढे म्हणायचे आणि आपली बादली तेराच्या पाढ्याला भरायची. मी सातवीत गेल्यावर नवालाच भरायला लागली, नळाला जोर आला असेल. इथे तिसाचा पाढा संपला तरी पाणी आपलं वाहतंच आहे.

माझी काळजी कर, पण जेवल्यावर कर. लोभ आहे हे मला पाठ आहे; तरी पुढच्या पत्रात पुन्हा लिही.

तुझी,
खारू

---

३ ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. आ.

डब्याची आंघोळ वाचून ताई इतक्या हसल्या, की हात खळीच्या पातेल्यात गेला. दिवसभर जो येईल त्याला सांगत होत्या, की आमची खारू फरशीच्या डब्यानं आंघोळ करून इंजिनिअर होणार आहे. मीही हसले. मग दुपारी हजेरीपटांचे फर्मे शिवताना सुई दोनदा चुकली. तुझ्यामुळे.

काम भरपूर आहे. चार शाळांचे हजेरीपट, शिवाय एका वकिलांची जुनी पुस्तकं उसवून पुन्हा बांधायची आहेत. तुझं शिक्षण संपत आलं की तुझा प्रबंध मी स्वतः बांधणार, कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. तोवर तो लिही म्हणजे झालं.

तुझे बाबा बरे आहेत. तुझा विमानतळावरचा फोटो त्यांनी कपाटाच्या दारावर आतून लावलाय. शिकवणीला येणाऱ्या मुलांना कपाट उघडून दाखवतात. माझी मुलगी तिसापर्यंतचे पाढे चौथीतच म्हणायची, असं सांगतात. अक्षर वाकडं आलंय, कारण माझी दोन बोटं दाबयंत्रात सापडली. काही विशेष नाही.

घर फार शांत झालंय गं. बाथरूममधली तुझी बादली मी पालथी घालून ठेवली. दोन माणसांना दोन बादल्या कशाला?

एक सांगते ते ऐक. दुसऱ्याच्या खोलीतलं आपण ऐकलं नाही असं समजावं. तू परक्या मुलखात आहेस, तुझे कागद त्यांच्या हातात आहेत. शॉवर सोडलास ते बरं केलंस. शुक्रवारी तू लायब्ररीतच बसत जा. आणि खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावत जा.

तुझं पत्र मी पिशवीत ठेवलंय, घरी पुन्हा वाचीन. लोभ होता तितकाच आहे, वजन केलंस तरी चालेल.

तुझी,
आई

---

२७ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी मी लायब्ररीत बसले नाही. ठोकळे पाण्यातून काढायचे होते, दमले होते, म्हणून सहालाच घरी आले. बाहेर चांगला उजेड होता. मी तांदूळ धूत होते.

आधी त्याचा आवाज आला. चढा नव्हता. शिकवल्यासारखा, एकेक शब्द सुटा. मग एक बरणी भिंतीवर फुटली. मग थोडं थांबून दुसरी. तो सावकाश फोडत होता आई, प्रत्येकीच्या मध्ये तिला काहीतरी विचारत होता. मी सातही मोजल्या. त्यानंतर जे पडलं ते काचेचं नव्हतं.

मी तांदूळ तसेच टाकले, बाथरूममध्ये गेले, कडी लावली, शॉवर सोडला आणि बेचा पाढा सुरू केला.

आठाच्या पाढ्याला दार वाजलं. मुठीनं नाही, उघड्या तळव्यानं. घरात आतून कडी असलेलं ते एकच दार आहे. आमच्या खोल्यांना नुसती कुलपं, ती बाहेरून किल्लीनं उघडतात आणि तिची किल्ली त्याच्याकडेही होती. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी काय केलं असतं ते मी तुला छातीठोक सांगू शकत नाही. दार वाजलं आणि मी दांडा पार शेवटपर्यंत फिरवला. पाणी मोठं झालं. दार पुन्हा वाजलं, या वेळी कमरेच्या उंचीवर. मग अगदी खाली, जमिनीजवळ. मी नववा पाढा चुकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसापर्यंत तीनदा म्हणून झालं. मग मी शॉवर बंद केला. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. ते उघडेना. ती त्याला टेकून पडली होती.

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. डाव्या कानानं तिला आता ऐकू येणार नाही. मी तिला कुशीवर वळवलं तेव्हा तिच्या केसांत शेवाळ होतं, ओलं, हिरवं, आणि मी वेड्यासारखी तेच वेचत बसले. अँब्युलन्सवाल्यांनी मला धरून बाजूला केलं. तो कधीच निघून गेला होता. जाताना त्यानं दार हळू लावून घेतलं असणार, कारण ते लागल्याचं मला ऐकू आलं नाही.

त्याला दुसऱ्या दिवशी पकडलं. तो सांगतो, की ती स्टुलावरून पडली, बरण्या तिच्या हातून फुटल्या, मी तर साडेपाचलाच गेलो होतो. घरात तिसरी फक्त मी होते. पोलीसबाईंनी मला ब्लँकेट दिलं आणि विचारलं, की तू काय ऐकलंस. मी सांगितलं, की पाणी. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

मी जेवते आहे. काळजी नको असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायचं तर निदान फोनवर बोलावं.

तुझी,
खारू

---

१६ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. आ.

हे पत्र ताईंच्या हातचं आहे, वाक्यं माझी. मी न्हाणीत घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. दीड महिना सुई धरायची नाही. ताई म्हणतात, की बरं झालं, आता नुसतं बसून हुकूम सोड. काळजीचं कारण नाही.

तुझं पत्र वाचलं. त्या मुलीच्या आईचं काय झालं असेल, हेच दिवसभर डोक्यात होतं. पण मी तुझी आई आहे, तिची नाही. तू पाणी म्हणालीस ते खोटं नाही. पाणी तू ऐकलंसच. तेवढंच सांगत राहा. कोर्टात गेलीस तर तो माणूस तुझं तोंड लक्षात ठेवील, उद्या सुटून येईल. तुझे बाबा कळल्यावर काय करतील ते निराळंच. तू कडी लावून आत राहिलीस म्हणून आज तुझं पत्र तरी येतंय. तुझ्याकडून काही चूक झालेली नाही. मी जे शिकवलं तेच तू केलंस.

घर बदल. जेवणाच्या वेळा सांभाळ. आशीर्वाद आहेतच, ते प्लास्टरमध्ये अडकत नाहीत.

तुझी,
आई

आता यापुढचं माझं, तुझ्या ताईचं. तुझी आई पुढच्या खोलीत पुठ्ठे मोजून घेते आहे, तोवर लिहिते.

ती घसरली नाही. तुझं पहिलं पत्र तिच्या पिशवीत मास्तरांना सापडलं. माझ्या पाठीमागे मायलेकी काय लिहिता, असं विचारत त्यांनी तिचा हात कपाटाच्या चौकटीवर धरला आणि दार लोटलं. ज्या दारावर तुझा फोटो आहे तेच. दोनदा. दुसऱ्यांदा तिनं ओरडू नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला. हे तिनं मला सांगितलेलं नाही. ती डॉक्टरांना सांगत होती, तेव्हा मी पडद्याबाहेर होते. आधीची दोन बोटंही दाबयंत्रात सापडली नव्हती. माझ्या दुकानातल्या दाबयंत्रावर गेल्या वीस वर्षांत कुणाचं बोट गेलेलं नाही.

पूर्वी वर्ष-सहा महिन्यांतून कधी ती गळाबंद ब्लाउज घालून यायची, मला कळायचं, मी गप्प बसायचे. तू गेल्यापासून दर आठवड्याला आहे. मी तीनदा सांगितलं, की दुकानाच्या माळ्यावरची खोली रिकामी आहे, ये आणि राहा. ती हसते. म्हणते, की खारूचं शिक्षण होऊ दे.

पत्रं यापुढे मी हजेरीपटांच्या पुठ्ठ्यांमध्ये ठेवीन. तू लिहीत राहा. आली ती, थांबते.

---

३० नोव्हेंबर

आई,

मायना नाही, रागवू नकोस. ताईंनी सगळं कळवलंय, त्यांच्यावरही रागवू नकोस.

मी परत येते. सरांना सांगितलं, की घरी आजारपण आहे. ते म्हणाले, की एक वर्ष थांबवता येईल, जागा जाणार नाही. मी घरात असताना इतकं कधीच होत नव्हतं. का होत नव्हतं ते मला माहीत नाही, पण मी होते तेव्हा नव्हतं, एवढं मला पुरे आहे. तिकीट बघते आहे.

खारू

---

१४ डिसेंबर

चि. खारूस,
अ. आ.

डाव्या हातानं लिहिते. तुझी पहिलीतली वही आठवते, तसं अक्षर आलंय. ताईंना सांगता येण्यासारखं नाही, म्हणून स्वतः लिहिते. दोन दिवस लागतील.

तू येऊ नकोस.

का होत नव्हतं ते सांगते. तुला वाटत आलंय, की तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडायला लावायचे. ते होतंच. पण बादली तुझ्यासाठी नव्हती, त्यांच्यासाठी होती. तू बाहेर येऊन बघशील हे त्यांना चालायचं नाही. तुझ्यासमोर त्यांना पाढे शिकवणारे बाबाच राहायचं होतं. बादली भरत आली की पाण्याचा आवाज चढत जातो. तो चढला की ते हात आवरायचे. शर्ट नीट करायचे. मी उठून पदर सारखा करायची. मग तू यायचीस आणि विचारायचीस, की भूक लागली.

तू सातवीत होतीस तेव्हा मी लहान बादली आणली. नळाला जोर आला नव्हता. पाच मिनिटांचं साडेतीनवर आलं.

आता बादली भरायला कुणी नाही. गेल्या महिन्यात मीच एकदा आधीच जाऊन नळ सोडून आले. ते उठले, जाऊन बंद केला आणि परत आले.

तू आलीस तर मी तुला पुन्हा आत पाठवीन. मला माहीत आहे, मी पाठवीन. बावीस वर्षांच्या मुलीला. त्यासाठी तुला इतक्या लांबून बोलावू? त्या मुलीचं दार मी वाजू दिलं, तू नाहीस. मी इथे बसून तुला तो दांडा फिरवायला शिकवलं.

कोर्टात काय सांगायचं ते तुझं तू ठरव. माझं एकदा ऐकलंस, तेवढं खूप झालं.

हात दुखला. लोभ डाव्या हातानंही तेवढाच.

आई

---

२१ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मायना परत आणला आहे. तिकीट काढलं नाही. पण तुझं ऐकून नव्हे, पुढे वाच.

लांबोडीला भेटले. जबडा तारेनं बांधलेला असल्यामुळे ती पाटीवर लिहून बोलते. मी तिला बादलीचं सगळं सांगितलं. आपल्या भाषेबाहेर ते मी पहिल्यांदाच सांगितलं आणि ते इतक्या लहान वाक्यांत मावतं, हे मला माहीत नव्हतं. तिनं पाटी ओढून घेतली. मग लिहिलं, की पुढच्या वेळी दार उघड. ते वाचून पाहिलं आणि ‘पुढच्या वेळी’ एवढे शब्द बोटानं पुसून टाकले. उरलेलं माझ्याकडे धरलं. तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. मी जाते, उशी सारखी करते, तिच्या उजव्या बाजूला बसते.

सोमवारी पहिली सुनावणी झाली. तो टाय बांधून आला होता. कुठल्याही शाळेत शिकवायला घेतील असा. मी सगळं सांगितलं. सात बरण्या, प्रत्येकीमधलं थांबणं, तळव्यानं वाजलेलं दार, खाली खाली गेलेलं. मी पाणी मोठं केलं, तेही. त्याच्या वकिलांनी विचारलं, की चाळीस मिनिटं कशावरून म्हणता, घड्याळ होतं का. मी सांगितलं, की पाढ्यांवरून. खोलीत कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, की म्हणून दाखवा. मग मी उभी राहिले आणि आपल्या भाषेत एकोणतीसचा पाढा म्हटला, बाबांनी शिकवला तसा, ठेक्यात, हात मागे बांधून. कुणालाही एक शब्द कळला नाही. कारकून घड्याळ धरून बसला होता. सत्तावीस सेकंद. त्यानं कागदावर गुणाकार केला आणि न्यायाधीशबाईंकडे सरकवला. मी अँब्युलन्सला केलेल्या फोनच्या वेळेतून तेवढी मिनिटं वजा केली, की साडेपाचनंतरही तो घरातच होता, हे निघतं. निकाल लागायला वर्ष जाईल म्हणतात, पण तोवर तो आतच राहील.

बाहेर येऊन जिन्यावर बसले. आई, माझ्याकडे जे जे काही नेमकं आहे, ते बाबांनी दिलेलं आहे. पाढे, हिशेब, ताठ उभं राहणं. आणि दारामागे गप्प बसणंही. हे वेगळं कसं करायचं ते मला अजून जमत नाही. तुलाही जमलं नसेल, एवढं आता समजतं.

प्रयोगशाळेत आम्ही एकच ठोकळा पुन्हा पुन्हा दाबत नाही. एकदा कटकट ऐकू आली, की थोड्या दाबानंही तो जातो. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. म्हणजे, तेवढ्यासाठीच लिहिते आहे.

ताईंशी माझं बोलणं झालंय. माळ्यावरच्या खोलीत त्यांनी खाट टाकली, दाराला आतून कडी बसवून घेतली. खाली दाबयंत्राजवळ दोन माणसं रात्रंदिवस असतात. तिथे बादलीही ठेवली आहे, मोठी. ती आंघोळीसाठी आहे, दुसऱ्या कशासाठी नाही.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. हजेरीपट संपू देत म्हणशील, हात सुटा होऊ दे, खारूचा प्रबंध होऊ दे, त्यांच्या डब्याचं कोण बघणार, या वयात लोक काय म्हणतील. ताईंनाही मी हेच सांगितलं, की आई हसेल आणि नाही म्हणेल. तुझं नाही इथे पोचायला तीन आठवडे लागतील, त्याआधी मी त्याची उत्तरं लिहून ठेवली आहेत. तरी विचारते. ज्या दिवशी हे पत्र तुझ्या हातात येईल, त्या दिवशी संध्याकाळी दुकानातून घरी जाऊ नकोस.

तुझी,
खारू